मानेवरची पिसं

त्या सकाळी खुराड्याची कडी काढली तेव्हा सहा बदकं बाहेर आली आणि सातवं आलं नाही. एरवी कडी वाजली की सगळी एकमेकांच्या अंगावरून हौदाकडं धावत सुटतात. जानेवारी होता, कृष्णेवरचं धुकं पार परड्यापर्यंत आलेलं. मी वाकून आत बघितलं. चिंगी कोपऱ्यात पेंढ्यावर अंग गोळा करून बसली होती, एक डोळा मिटलेला. तिला उचलून उजेडात आणलं, मान वळवून बघितली, तर मानेमागं पिसंच नव्हती. दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब असा उघडा पट्टा, लालबुंद, आणि मधोमध सुकलेल्या रक्ताची खपली.

माझ्या मनात पहिल्यांदा मुंगूस आलं. आमच्या परड्याला लागून उसाचं रान आहे, तोड सुरू झाली की त्यातली जनावरं घराकडं सरकतात. मी सगळी जाळी हातानं चाचपत फिरले. कुठंच भोक नव्हतं. तोवर आत्या तुळशीला पाणी घालून आल्या. (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) त्यांनी चिंगीची मान एकदाच बघितली.

"मुंगसानं धरली असती तर मान राहिली असती व्हय? हे घरातल्याचंच काम हाय."

ही गोष्ट २०२१ सालच्या जानेवारीतली. बदकं घरात आली त्याच्या सहा महिने आधी, आणि ती आली पुरामुळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. भिलवडीकडच्या आमच्या पट्ट्यात पाणी रात्री चढलं. माणसं आणि म्हशी बाहेर काढण्याच्या धांदलीत खुराड्याची कडी काढायची राहिली आणि नऊ कोंबड्या आतच गेल्या. ती कडी मला अजून दिसते. पुन्हा पाखरं पाळायची ठरली तेव्हा यांनी आणि मी ठरवलं, आता पोहणारंच पाखरू आणायचं.

पिल्लं खाकी कॅम्पबेल जातीची. ही जात इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९०० च्या आसपास तयार केली. त्यांच्याकडं अंड्याला चांगलं असलेलं एक रनर बदक होतं. त्याचा रुआन जातीशी आणि पुढं रानातल्या मॅलार्डशी संकर करत त्या या जातीपर्यंत पोचल्या. रनरला इंडियन रनर म्हणतात, पण ते मूळचं जावा, बाली या बाजूच्या बेटांवरचं. चांगली निगा राखली तर खाकी कॅम्पबेलची मादी वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते. एवढं मी आधी वाचून ठेवलं होतं. तिच्या रक्तात रानातलं पाखरूही आहे, हे वाचलं होतं आणि विसरले होते.

सात पिल्लं देणाऱ्यानं "दोन नर, बाकी माद्या" असं सांगितलं होतं. एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायची तर शेपटीखाली हलकं दाबून बघावं लागतं आणि ते सवयीच्या हाताचं काम आहे, त्यामुळं चूक होणारच. सहा-सात आठवड्यांनी आवाज फुटले तेव्हा आम्हाला खरं कळलं. मादीचा आवाज खणखणीत, परड्यातून ओसरीपर्यंत येणारा. नराचा घोगरा, घसा बसल्यासारखा. माझ्या मुलीनं, अनूनं, वहीत लिहिलं: चार मोठ्या आवाजाच्या, तीन घोगरे. चौथ्या महिन्यात त्या तिघांच्या शेपटीची पिसं वर वळली, मिशीला पीळ भरावा तशी, आणि डोकी काळपट हिरवी झाली. वस्ताद, काळ्या आणि शांतू. माद्या चिंगी, ठमी, गौरी आणि सोनी. तिघे आणि चौघी, जवळजवळ जोड्याजोड्यांचा आकडा म्हणून मला तो फार आवडला होता. सगळं दुखणं त्या आकड्यात होतं.

डिसेंबर संपता संपता नर एकमेकांशी भिडायला लागले. तेव्हा ती वयात आली होती हे एक कारण, आणि उत्तरायण हे दुसरं. पाखरांच्या मेंदूत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. कवटीतून आत झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो आणि दिवस लांबायला लागल्याची वर्दी तिथं आधी लागते. मग नराचे वृषण कित्येक पटींनी वाढतात आणि त्याचा स्वभाव पालटतो. आपल्याकडं डिसेंबरातला दिवस ११ तासांचा आणि जूनमधला १३ तासांच्या थोडा वर. फरक एवढासा, पण पाखराला तो पुरतो.

शेजारचे तात्या तरुणपणी कुंडलच्या कुस्ती मैदानात लढलेले. ते रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून आमच्या नरांची झुंज बघायचे, आणि त्यांच्या डोळ्यांनी मीही बघायला शिकले. दोघं नर समोरासमोर येतात, मान खाली घालून लांब करतात, एकमेकांभोवती फिरतात. "ही खडाखडी," तात्या म्हणायचे. मग एकजण दुसऱ्याच्या छातीची पिसं चोचीत धरतो. छातीला छाती भिडते. धरलेल्याला ओढत, फिरवत तो पंखाच्या सांध्यानं फटके मारतो, आणि तो आवाज ओला टॉवेल दगडावर आपटल्यासारखा येतो. दहा-पंधरा सेकंदांत एकजण मान आखडून बाजूला पळतो. जिंकलेला चार पावलं मागं धावतो, उभा राहून पंख झटकतो, शेपूट हलवतो.

"सुटला बघ, सूनबाई. हरलेला बाजूला झाला आन् जितलेल्यानं सोडला, म्हंजे कुस्ती निकाली. ह्यात मधी पडायचं न्हाय."

तात्यांचं बरोबर होतं आणि ते मी आजही पाळते. दोन नर एकमेकांची पायरी ठरवतात तेव्हा दरवेळी आपण धावून गेलो, तर ती पायरी कधीच ठरत नाही आणि भांडण रोज नव्यानं उभं राहतं. रक्त आलं, हरलेला पळाल्यावरही त्याचा पाठलाग थांबेना, त्याला दाण्या-पाण्याजवळ फिरकू देईनात किंवा पाण्यात कुणाला दाबून धरलं, तर मात्र लगेच जायचं. जातानाही हात मध्ये घालायचा नाही. मी मोठं सूप घेऊन जाते आणि ते दोघांच्या मध्ये उभं धरते. समोरचं दिसेनासं झालं की नर घटकाभर गोंधळतो आणि तेवढ्या वेळात दुसरा निसटतो.

पण तात्या आणि मी दोघंही कुस्तीच बघत होतो. ती संपली की ते चहाला घरात जायचे आणि मी चुलीकडं वळायचे. पुढं काय होतं ते बघायला आम्ही थांबलोच नव्हतो.

चिंगीची मान दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाट टाकून परड्यात बसले, सात ते नऊ. वस्तादनं काळ्याला पिटाळलं आणि तो तसाच, पिसं फुलवलेली असताना, सरळ चिंगीकडं गेला. बदकाचा नर मादीवर चढताना तिच्या मानेमागची पिसं चोचीत धरतो. ते त्यांचं नेहमीचंच आहे, एकवार धरल्यानं काही होत नाही. पण वस्ताद उतरला तोवर काळ्या आला. काळ्याला हाकलायला वस्ताद परत फिरला, तेवढ्यात मागून शांतू. ज्याचं नाव शांतू तोही. चिंगी हौदात शिरली तर तिघंही हौदात शिरले, तिची मान पाण्याखाली गेली आणि तिघांच्या अंगाखाली ती मला दिसेनाशी झाली. मी साडीसकट हौदात उतरून तिला वर काढलं. दोन तासांत तिच्यावर अकरा वेळा कोणी ना कोणी चढलं होतं. ठमी, गौरी आणि सोनीच्या वाट्याला मिळून तीनदा आलं असेल. चिंगी अंगानं लहान, लवकर दमते, दमली की बसते. जी बसते तिच्याकडंच सगळे वळतात.

म्हणून माझं ठाम मत झालंय की ज्याला कळपात नर ठेवायचे आहेत त्यानं रोज संध्याकाळी माद्यांच्या माना बघाव्यात. नरांची झुंज डोळ्यांत भरते, आवाज होतो, पंख उडतात, आणि आपण समजतो की दुखापत तिथंच होते. खरं नुकसान दुसरीकडं साठत असतं, निमूट, पिसांच्या खाली. मानेमागं हात फिरवायचा, मग पाठीवर पंखांच्या मधोमध. पिसं तुटकी लागली, कातडी हाताला लागली, की समजायचं परड्यातला हिशोब चुकलाय. लंगडणारी मादी, डोळ्याच्या कडेला जखम, दाणे सोडून खुराड्यातच बसून राहणारी मादी, या त्याच हिशोबाच्या खुणा आहेत.

एका नराला पाच-सहा माद्या असाव्यात. अंडी उबवायची नसतील तर नर नसला तरी चालतं. मादी नराशिवाय अंडी घालते, हे पुष्कळांना माहीत नसतं, मलाही नीट माहीत नव्हतं. चार माद्यांना तीन नर म्हणजे आम्ही त्या चौघींवर अन्यायच केला होता.

नदीच्या कडेला कधीकधी हळदीकुंकू बदकं उतरतात. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, कपाळाशी कुंकवासारखा लाल ठिपका, म्हणून हे नाव. त्या सुमारास मी मुद्दाम घाटावर जाऊन त्यांना बघत बसायची. एक जोडी चरत होती, तिसरा जवळ आला. जोडीतला एक त्याच्या अंगावर गेला आणि आलेला उडून पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला. त्यांच्यातही मारामाऱ्या आहेत, पण हरलेल्याला पलीकडचा काठ आहे. आमचं परडं तीस फूट बाय चाळीस फूट, चारी बाजूंनी जाळी. हरलेला पळून जाणार कुठं आणि त्रासलेली मादी लपणार कुठं? ती सगळी भांडणं आम्ही आखलेल्या चौकोनात चालली होती.

मादीही नुसती सोसत नाही, हे मला ठमीनं दाखवलं. ठमीचा ओढा काळ्याकडं होता. वस्ताद जवळ आला की ती काळ्याच्या बाजूला पळत जायची, त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहायची आणि मान वळवून खांद्यावरून वस्तादकडं बघत, मान झटकत एकसारखी ओरडायची. तेवढ्यानं काळ्या चवताळून वस्तादवर जायचा. मला आधी वाटलं ती घाबरलीय. पुढं वाचलं तेव्हा कळलं की मॅलार्डच्या माद्या रानातही हेच करतात. आपल्या निवडलेल्या नराला परक्या नरावर घालायची ही त्यांची रीत. २००७ साली पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदकांच्या शरीररचनेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जातींत नर जबरदस्ती करतात, तिथं मादीच्या आतला मार्ग नराच्या अवयवाच्या उलट्या दिशेनं पीळदार असतो आणि त्यात पुढं वाट नसलेले आंधळे कप्पे असतात, असं त्यांना आढळलं. मादीच्या शरीरानं पिढ्यानपिढ्या हा विरोध आत जपला आहे. हे वाचून मी बराच वेळ चिंगीजवळ बसले होते.

चिंगीला मी घरात, न्हाणीघराशेजारच्या खोलीत आणलं. सांगली हळदीचं गाव, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं आत्यांचा हात आधी हळदीच्या डब्याकडंच गेला. पण जखमेत माती होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माशी बसू देऊ नका. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की दोन दिवसांत किडे पडतात. पोहायचं पाणी काही दिवस बंद, पण खोलगट घमेल्यात डोकं बुडेल एवढं पाणी कायम समोर हवं, नाहीतर बदकाच्या नाकपुड्या आणि डोळे खराब होतात. ती एकटी पडली की हाका मारायची, म्हणून सोनीला सोबत ठेवलं. सोनी रात्रभर तिच्या अंगाला लागून बसायची.

इकडं तीन नरांचं काय करायचं, यावर घरात खल झाला. तात्यांचं म्हणणं, "आखाडात दोन उरकून टाका." त्यात वावगं काही नाही. आमच्या भागात पाखरं पाळतात ती खाण्यासाठीसुद्धा, आणि नीट वाढवलेला जास्तीचा नर कापणाऱ्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण आखाड सहा महिने लांब होता आणि चिंगीची मान आज उघडी होती. शिवाय पुरात गेलेल्या नऊ कोंबड्यांनंतर माझ्यानं या सातांतलं एकही कापवलं नसतं. मग यांनी परड्याचा तिसरा हिस्सा तोडून तिथं जाळी मारली आणि तिन्ही नर पलीकडं घातले. आम्हाला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांत जाळीवर रक्त दिसलं.

पलीकडं माद्या दिसत होत्या. तिघंही दिवसभर जाळीलगत येरझाऱ्या घालत, जाळीत चोची खुपसत, आणि तिथं काही साधेना म्हणून एकमेकांना फाडत. काळ्याची चोच मुळाशी सोलवटली होती. आत्या ओसरीवर बसून हे बघत होत्या. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जाळीनं काय हुतंय? दिसतंय तवर भांडण हाय. आमची वाटणी झाली तवा असंच झालतं."

ती गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून तुकड्यातुकड्यानं ऐकत आले होते, त्या दिवशी सलग ऐकली. मामंजी आणि त्यांचे भाऊ यांची वाटणी झाली तेव्हा आधी अंगणात नुसती चुन्याची रेघ मारली होती. चूल वेगळी, पण अंगण एकच दिसणारं. कुणाच्या दारात किती पोती उतरली, कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, सगळं डोळ्यांसमोर. त्या एका वर्षात जेवढी भांडणं झाली तेवढी एकत्र असतानाही झाली नव्हती. मग भिंत घातली, पुरुषभर उंच. "भित घातली आन् सा म्हैन्यांत दिवाळीची ताटं भितीवरनं यायला लागली," आत्या म्हणाल्या. त्या उठल्या, गोठ्यातून पेंडीची रिकामी पोती घेऊन आल्या आणि मला दाभण आणायला सांगितलं.

रात्री आम्ही दोघींनी सहा पोती उसवून सुतळीनं एकाला एक जोडली आणि जाळीला खालून तीन फुटांपर्यंत गोणपाट बांधून काढलं. बदक उभं राहून बघेल तेवढी उंची. वरून वारा आणि उजेड येत राहिला. पहिल्या दिवशी नर गोणपाटाच्या कडेनं फिरले, घोगऱ्या आवाजात हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर वस्ताद आणि काळ्या आंब्याच्या सावलीत एक पाय पोटाशी घेऊन हाताच्या अंतरावर झोपलेले. तिसऱ्या दिवशी तिघं एका घमेल्यात डोकी घालत होते.

नुसते नर, आणि समोर माद्या नाहीत, असा कळप फार शांत असतो. हे मी आता कुणालाही छातीठोक सांगते. त्याला तुरुंग समजायचं कारण नाही. फक्त एका नराला एकटं कोंडू नये, बदक एकटं राहिलं की खंगतं, निदान दोघं तरी हवेत. दाण्याची आणि पाण्याची भांडी नरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवली आणि ती लांब लांब ठेवली की एकाला दोन्ही राखता येत नाहीत. मध्ये एखादं पिंप आडवं टाकलं, पाचटाची गंजी घातली, तर पळणाऱ्याला आडोसा मिळतो. रात्रीच्या जागेत प्रत्येकाला ४ चौरस फूट तरी मिळावेत. हौदात मी विटांची पायरी केली, कोणालाही कोणत्याही बाजूनं बाहेर पडता यावं म्हणून. वेगळं ठेवण्याचा एक फायदा आधी लक्षातच आला नव्हता. अंडी घालणाऱ्या माद्यांना शिंपल्याचा चुरा द्यावा लागतो, नरांना तेवढा चुना नको असतो, सतत दिला तर त्यांच्या मूत्रपिंडाला त्रास होतो. आता तो प्रश्नच उरला नाही.

वस्तादचं मात्र एक दुखणं गोणपाटानं मिटलं नाही. पिल्लू असताना तो अशक्त होता, म्हणून अनूनं त्याला दोन आठवडे घरात, खोक्यात, आपल्या उशाशी वाढवला. डोळे उघडल्यापासून जे दिसतं त्यालाच पिल्लू आपलं मानतं. कोनराड लोरेन्झ यांनी बदक-हंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं आणि पुढं १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. वस्ताद मोठा झाला तेव्हा त्याच्या लेखी अनू बदकच होती. तो तिच्या चपलेवर चढायचा, पोटरीला धरायचा, मी मध्ये गेले तर माझ्यावर यायचा. अनूच्या पायावर काळेनिळे डाग पडले. बारा वर्षांची पोर ती, तिला मारापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. "आई, मी त्याला वाचवलं ना गं?" एवढंच ती म्हणाली आणि परड्यात जायची बंद झाली.

त्याला लाथ मारून किंवा काठीनं हाकलून काही साधत नाही, उलट त्याला वाटतं समोरचा झुंजायला तयार आहे. मी त्याला दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलायची, काखेत धरायची आणि त्याचं अंग सैल पडेपर्यंत परड्यात फिरायची. पाच मिनिटं, कधी दहा. मग खाली ठेवून पाठ न फिरवता बाजूला व्हायची. महिनाभर रोज. अनूला मी सांगितलं, हातानं खाऊ घालू नको, बसून लाड करू नको, दाणे टाक आणि चालू लाग. मार्चमध्ये तो तिच्या अंगावर जायचा थांबला. पण पूर्वीसारखं त्याला मांडीवर घेणं अनूनं पुन्हा कधी केलं नाही.

शांतूला आम्ही त्याच मार्चमध्ये अंकलखोपच्या एका घरी दिलं. त्यांच्याकडं नऊ माद्या होत्या आणि नर मेला होता. शांतू गेल्यावर वस्ताद आणि काळ्या पुन्हा दोन दिवस भांडले. तिघांतली पायरी मोडली होती, दोघांची नव्यानं ठरायची होती. मी सूप हातात घेऊन बसून राहिले, मध्ये पडले नाही.

जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी मी आधी बदकं वर नेली, मग धान्य. माडीवरच्या खोलीत सहा बदकं, चार माणसं आणि सगळा संसार. लोखंडी खाटेच्या मधोमध गोणपाट सोडून एका बाजूला नर, एका बाजूला माद्या केल्या. उन्हाळ्यातच नरांची पिसं गळून गेली होती, शेपटीचा पीळ गेला होता, डोकी माद्यांसारखी मातकट झाली होती. त्या दिवसांत नर आपोआप निवतो. खाली अंगणात पाणी वाजत होतं आणि खाटेखाली सहाही गुपचूप होती. तिसऱ्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी गोणपाट बाजूला करून बघितलं. वस्ताद आणि काळ्या माना पाठीवर टाकून झोपले होते. चिंगी जागी होती. तिच्या मानेवर हात फिरवला. जुन्या खपलीच्या जागी पिसं भरून आली होती, नुसत्या बोटांना वेगळी कळली नसती. फिकी होती, बाकीच्या मानेपेक्षा एक छटा फिकी.

आता चारही माद्या वर्षभर नरांशिवाय राहतात आणि पहाटे, उजाडायच्या आत, अंडी घालतात. पिल्लं हवी असली की काळ्याला काही दिवस त्यांच्यात सोडते, रोज माना बघते, आणि परत आणते. त्याला बाजूला काढल्यावरही आठवडाभर अंडी फळत राहतात, त्यामुळं घाई करावी लागत नाही. चिंगीला मात्र त्या दिवसांत सोनीबरोबर वेगळी ठेवते. तिचं झालं तेवढं पुरे.

संक्रांत होऊन गेली. रानात तोड सुरू आहे, ट्रॅक्टर रात्रभर जातात. काल संध्याकाळी वस्तादनं काळ्याची छाती धरली, दोन फटके मारले आणि सोडलं. तात्या आता येत नाहीत, गुडघे धरलेत त्यांचे, म्हणून मीच ओरडून सांगितलं, "निकाली!" मग माद्यांकडं जाऊन एकेकीची मान बघितली, चौघींची, आणि परत येताना लक्षात आलं की उन्हानं गोणपाट विरलंय, खालच्या कोपऱ्यात काळ्याचं डोकं जाईल एवढी फट पडलीय. आत्यांना आता दाभणात सुतळी ओवता येत नाही, दिसत नाही. पण पोती त्यांनी आधीच काढून ओसरीवर ठेवली होती.